पैलवानाची कावीळ

आप्पा, एक नवा डाग न्हाय! एकसुद्धा न्हाय! सव्वीसच्या सव्वीस गडी आज वैनींनी आणि मी ट्रंकेतनं बाहेर काढले, एकेकाचे कपडे उतरवले आणि खिडकीशी नेऊन उजेडात उलटेपालटे करून बघितले. मावळ्याच्या तांबड्या अंगरख्याखाली छाती कोरी. पोस्टमनच्या खाकीखाली पाय कोरे. काळ्या कोटातला वकील तर आत्ताच कारखान्यातनं आल्यासारखा! वैनी रडत होत्या आणि मी टाळ्या वाजवत होतो. तुझा तेरावा होऊन तीन दिवस झाले, आणि तुझ्या घरात एक मिशाळ कारकून प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना उघडं करून टाळ्या पिटतोय. शेजारची म्हातारी दारातनं डोकावली आणि माघारी गेली.

मी जन्माचा कारकून. कागद समोर आला की ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ सुचतं. पण तुझ्याशी तसं बोललो तर तू म्हणशील, “दत्त्या, कोण मेलंय का काय?” म्हणून आपल्या बोलण्यातच लिहितो, जमेल तसं. आणि आधीच सांगून ठेवतो, मी काही तुझी स्तुती करायला बसलेलो न्हाय. मला एक कबुली द्यायची आहे. नऊ वर्षं पोटात ठेवलेली. हळदीची.

दुसऱ्या कुणाच्या हाती हा कागद पडला तर त्याला कळावं म्हणून थोडं मागचं. तू निपाणीच्या पेठेतला शिंपी. मीही निपाणीचाच, पण नोकरी बेळगावच्या कचेरीत. शनिवारी अर्धा दिवस भरला की मी एसटीत, आणि रविवारी सकाळी तुझ्या दुकानात. माझा मावसभाऊ विलास वास्कोहून बोटीवर जायचा. एका फेरीत त्यानं तो पहिला गडी आणला. वीतभर उंचीचा परदेशी शिपाई. कोपर वाकतंय, गुडघा वाकतोय, मनगट फिरतंय! मी तो पिशवीत घालून तुझ्याकडं पळत आलतो, आठवतंय का? मला वाटलं तू हसशील. तू मशीन थांबवलीस, चष्मा पुसलास, त्याचे गुडघे हळूच वाकवलेस आणि त्याला मशीनवर मांडी घालून बसवलंस.

“आरं, हा जेवाय बसतूय की!” तू ओरडलास. दुकानात ब्लाऊज न्यायला आलेली बाई दचकली.

मग तू त्याचा तो परका गणवेश काढलास. “ह्याला आपला करूया,” म्हणालास. त्याच सकाळी तांबड्या कापडाचा बोटभर लंगोट कापलास, उरलेल्या पट्टीचा फेटा बांधलास, आणि परदेशी शिपायाचा निपाणीचा पैलवान झाला. चाळीशीचा तू आणि पंचविशीचा मी, दोघं त्याच्याभोवती बसून हसत होतो. गिऱ्हाईक आलं, थांबलं, कंटाळून गेलं. आपल्याला कुठं सुध होती!

महिन्याभरानं लंगोट बदलायला काढलास आणि पैलवानाच्या जांघा गुलाबी. साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं. न्हाय म्हंजे न्हाय. तुझा चेहरा मी विसरणार न्हाय. त्या बाहुल्याचं तुला वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्याहून मोठं तुझं दुखणं वेगळं होतं. “माझ्या हातचं कापड, आणि रंग सोडतंय?” शिंप्याच्या दुकानातलं कापड रंग सोडतं म्हटल्यावर त्याचं नाव काय राहिलं? तू एवढ्याशा लंगोटावर आपली अब्रू टांगून बसलास, आणि मला ते लई आवडलं.

तिथनं पुढं आपले रविवार त्यातच. विलास फेरीगणिक एक-दोन गडी आणत होता आणि आपण रंगाच्या मागं लागलो होतो. मिठाच्या पाण्यात भिजवलं. तुरटीच्या पाण्यात भिजवलं. सात पाण्यांतनं काढलं. सातवं पाणी इतकं निवळ की तू ते पितळी तांब्यात घेऊन वैनींना म्हणालास, “पिऊन बघ.” त्यांनी तांब्या तुझ्या डोक्यावर ओतला, ते सोड. पण तेच धुतलेलं कापड गड्याच्या अंगावर पंधरा दिवस राहिलं की डाग पडायचाच. तेव्हा तू म्हणालास ते मला आजही पटतं. “दत्त्या, ह्यो पाण्याचा खेळ न्हाय. हे पिलास्टिक मऊ हाय, तेलकट हाय. कापड कोरडं असलं तरी ते रंग वढून घेतंय. आणि उकाडा झाला की जास्तच वढतंय.” चौथी शिकलेला तू! आमच्या कचेरीतल्या बी.एस्सी. झालेल्या साहेबांना मी विचारलं, तर ते म्हणाले, अहो, बाहुल्या कसल्या खेळताय.

चौथ्या गड्याचा एक पाय मोडला तर तू हळहळला न्हाईस, उलट खूश झालास. तो पाय मशीनच्या खणात ठेवलास. नवं कापड आलं की आधी त्याची चिंधी त्या पायाला बांधायची आणि पंधरा दिवस खिडकीतल्या उन्हात ठेवायची. पाय कोरा राहिला तरच त्या कापडाचा कपडा गड्याच्या अंगावर. पांढरं पास, बदामी पास, पिवळट पास. निळं, काळं, तांबडं नापास. एकदा एका बाईंनी दोरा शोधायला खण उघडला आणि आत पाय बघून अशी किंकाळी फोडली की अख्खी पेठ गोळा झाली.

आता हळदीकडं येतो. टाळत होतो, खरं सांगतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा गणपती. मंडळाचे अध्यक्ष कापडवाले शामराव दुकानात आले. गडी बघितले आणि जागच्या जागी उडाले. “आप्पा, अवो हे आमच्या मंडपात मांडा! जत्रंतली कुस्ती करू!” अकरा गडी होते तेव्हा. मधे आखाडा, पैलवान, हलगीवाला, कडेला फेटेवाले बघे. सगळे फेटे तांबडे पाहिजेत, लंगोट तांबडा पाहिजे, शामरावांचा हट्ट. आणि हातात दिवस सहा.

तू मला म्हणालास, “बेळगावात शहापुरात एक म्हातारा रंगारी हाय. साड्यांचं सूत रंगवतूय. त्याला जाऊन इचार, तांबड्याचा डाग पिलास्टिकवर पडू न्हाय म्हणून काय करायचं.”

मी गेलो. अज्जा, म्हंजे तो म्हातारा रंगारी, अंगणात सुताच्या लडी वाळत घालत होता, कोपरापर्यंत हात जांभळे. त्याला मराठी मोजकं, मला कानडी त्याहून मोजकं. निपाणीकर ना आपण! मी गडी दाखवला, लंगोट दाखवला, डाग दाखवला. अज्जानं गडी हातात घेऊन फिरवला, गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, “वळग हळी अरिवी हाक्री. अष्ट.”

काय आनंद झाला मला! सगळं कळलं की! ‘वळग’ म्हंजे आत, हे मला कंडक्टरनं शिकवलं होतं, रोज ओरडायचा, वळग होग्री. ‘हाक्री’ म्हंजे घाला. ‘हळी’ म्हंजे हळद, त्यात काय विचारायचं! आणि ‘अरिवी’बद्दल शंका असेल तर तीही फिटली, कारण हळदीला कानडीत अरिशिण म्हणतात हे मला घरमालकिणीच्या हळदीकुंकवात कळलं होतं. आणि ‘अष्ट’ म्हंजे आठ. आठ चमचे! अज्जाचे पाय धरून मी जे सुटलो ते थेट स्टँडवर. काकती गाव मागं पडलं तरी मी तोंडानं घोकतच होतो, हळी अरिवी, अष्ट. शेजारचा प्रवासी सरकून बसला.

दुकानात पाऊल टाकायच्या आधीच मी ओरडलो, “आप्पा, हळद! आत हळद घालायची! आठ चमचे!”

तू कात्री खाली ठेवलीस. “हळद? आरं, हळद सोताच रंग सोडत्या की रं. पदराला लागली तर जन्मभर जात न्हाय.”

“तीन पिढ्यांचा रंगारी हाय तो! तुला जास्त कळतंय का त्याला?”

“पायाला चिंधी बांधून बघूया तरी.”

“पंधरा दिवस कुठले? गणपती चार दिवसांवर आलाय!”

तू माझ्या तोंडाकडं बघितलंस. घामाघूम झालतो, टोपी तिरकी झालती, आणि आनंदानं नाचत होतो. तू वैनींना हाक मारलीस, “आगं, हळदीचा डबा आण.” आमटीच्या चमच्यानं आठ चमचे हळद शेवटच्या पाण्यात पडली, आणि सगळं तांबडं कापड त्यात बुडलं.

मंडपात काय गर्दी लोटली, आप्पा! लोक लांबनं लांबनं आले, कोगनोळीपासनं बैलगाड्या करून आले. पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघत होती. पैलवानानं शड्डू ठोकायला हात मांडीवर नेलाय, हलगीवाल्याची काडी वर गेलीय, फेटेवाले माना वाकवून बघतायत. वर शामरावांनी शंभरचे चार बल्ब लावलेले. रात्रंदिवस जळत होते. तू दोनदा म्हणालास, “दिवे कमी करा वो, गडी तापत्यात.” कोण ऐकतंय!

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळासमोर कपडे उतरवले. पैलवानाची मांडी, पोट, कपाळ, सगळं पिवळंधम्मक, आणि मधे मधे तांबडे फराटे. अकराही गड्यांची कपाळं तशीच. मग मागनं एक जण ओरडला, “पैलवानाला कावीळ झाली!” आणि मंडप हसून हसून पडला.

शामराव मात्र हसले न्हाईत. त्यांनीच कापड दिलं होतं. म्हणाले, “आप्पा, आमच्या कापडाचं नाव खराब झालं. हे कशानं झालं?”

मी तिथंच होतो, तुझ्या उजव्या हाताला. मला वाटलं, आता हा माझ्याकडं बोट करणार. करायलाच पाहिजे होतं. तू टोपी काढलीस आणि म्हणालास, “कापड चांगलं होतं. चूक माझी. मी नीट धुतलं न्हाय.”

नीट धुतलं न्हाय! सात पाण्यांतनं काढलेलं कापड! आणि मी गप्प बसलो, आप्पा.

त्यानंतर पेठेत तुझं काय झालं ते मी बघितलंय. ब्लाऊज शिवायला टाकताना बायका हसून विचारायच्या, “आप्पा, कावीळ न्हवं व्हायची?” तूही हसायचास. लग्नसराईतली दोन घरं तुझी कायमची तुटली, दुसऱ्या शिंप्याकडं गेली. तू मला त्याबद्दल एका शब्दानं बोलला न्हाईस. आणि मी काय केलं? रविवारी येऊन तुझ्याशी भांडलो! “आप्पा, हळद बरोबरच होती. चमचा चुकला. अज्जानं चहाचा चमचा म्हटला असणार, आपण आमटीचा घेतला.” तूही इरेला पेटायचास. “चहाचा घेतला असता तर निम्मी कावीळ झाली असती, येवढंच!” वैनी आतनं म्हणायच्या, आली हळद, आता जेवण गार होणार.

दिवाळी झाली आणि एका रविवारी तू मला नवा लंगोट दाखवलास. बाहेरनं तांबडा, आतनं पांढरा मऊ. लंगोटाला अस्तर! जगात पहिल्यांदा! “ह्ये जुनेर हाय,” तू म्हणालास, “माझ्या बाच्या धोतराचं. बाळ जन्माला आलं की पयल्यांदा त्याला नवं कापड लावतात का? न्हाय. जुनेरातच गुंडाळतात. का? तर त्याच्यात सोडाय काय उरलेलंच न्हाय. ना खळ, ना रंग.” मोडक्या पायावर पंधरा दिवस, मग महिना, मग अख्खा उन्हाळा बांधून ठेवलंस. पाय कोरा! आपण दोघांनी तो पाय हातात घेऊन दुकानात फुगडी घातली. मग नियमच झाला. प्रत्येक कपड्याला जुनेराचं अस्तर, आणि चैत्र लागला की सगळे गडी उघडे करून कपडे वेगळ्या डब्यात. तुझ्या डोक्यातनं हे निघालं याचा मला इतका अभिमान वाटला की मी कचेरीत पेढे वाटले. साहेबांनी विचारलं, कशाचे? मी म्हणालो, अस्तराचे.

मग दोन वर्षांनी ती सकाळ आली. बेळगावात खोलीवर दाढी करत होतो. गल्लीतनं भांडीवाली बाई चालली होती, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. रोजच जात असेल, मी कधी कान दिला नव्हता. ती ओरडली, “हळी अरिवीऽऽ! जुनी कापडं घालाऽऽ, भांडी घ्याऽऽ!”

वस्तरा गालावर तसाच थांबला. हळी अरिवी. जुनी कापडं. मी साबणाच्या तोंडानं खाली पळालो आणि बाईला विचारलं, “मावशी, अष्ट म्हंजे काय?” ती म्हणाली, “अष्ट म्हंजे बस, एवढंच. का वो?”

आत जुनं कापड घाला. बस, एवढंच. अज्जानं पहिल्याच दिवशी अख्खं औषध माझ्या हातात दिलं होतं, आणि मी त्याची हळद करून तुझ्या गळ्यात बांधली.

त्या शनिवारी मी ठरवून निघालो होतो. सांगायचंच. बसमधे वाक्य तयार केलं होतं. दुकानात आलो तर तू वकिलाचा काळा कोट शिवत होतास, मोहरीएवढी गुंडी सुईत धरून. वर बघितलंस आणि लगेच म्हणालास, “आला का हळदवाला! बोल, आज कुठला चमचा?” तुझे डोळे असे चमकत होते भांडायला की माझं तयार वाक्य विरघळलं. मी बसलो आणि म्हणालो, “चहाचाच.” आणि भांडलो. त्या रविवारी भांडलो, त्याच्या पुढच्या रविवारी भांडलो. आधी चूक होती, आप्पा. त्या दिवसापासनं ते खोटं झालं. खात्यानं कानडीची परीक्षा घातली, ती पास झालो, पेपरात नेमकं ‘हळे’, म्हंजे जुनं, ह्या शब्दाचं वाक्य आलं, बरोबर लिहिलं, आणि रविवारी येऊन तुझ्यासमोर पुन्हा हळदच म्हणालो.

काल मंडळानं शोकसभा ठेवली होती. शामराव आता थकलेत, पण आले. बरं बोलले. म्हणाले, हात सोन्याचा, एकदा काय ती चूक झाली. ते मला ऐकवेना. मी उठलो. आवाज मोठा निघाला. “चूक त्याची नव्हती. कापड त्यानं सात पाण्यांतनं काढलं होतं. हळद मी घालायला लावली. कानडी मला कळलं न्हाय, आणि कळल्यावर बोलायचं धाडस झालं न्हाय.” सगळं सांगितलं, कंडक्टर, अरिशिण, आठ चमचे. लोक हसले. शामराव काठी टेकत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “आरं, मग तो का बोलला न्हाय?”

त्याचं उत्तर मला आज मिळालं. शेवटच्या गड्याचा कोट उलटा करून मी अस्तर बघत होतो. वैनींना म्हणालो, “काय डोकं होतं! अज्जानं सांगितलेलं आप्पाला आपोआप सुचलं.”

वैनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “आपोआप कुठलं? गणपतीनंतर महिन्यानं दोरे आणाय बेळगावला गेलते. त्या रंगाऱ्याशी भांडाय म्हणून शहापुरात गेलते. आले ते हसत. हसून हसून डोळ्यांस्नी पाणी आलं. हळद न्हवं, जुनी कापडं, असं मला सगळं सांगितलं.”

“आणि मला? मला का न्हाय सांगितलं?”

“मी म्हटलं की, सांगा त्याला. तर म्हणाले, ‘नको. सांगितलं तर दत्ता शरमंल. शरमला की यायचा न्हाय. हळदीवरनं भांडाय येतूय ते बरं हाय. माझा ऐतवार चांगला जातूय.’”

नऊ वर्षं, आप्पा! नऊ वर्षं तू सगळं ठाऊक असून माझ्याशी चमच्यावरनं भांडलास! पेठ तुला हसली, दोन घरं तुटली, आणि तू तोंड मिटून बसलास, का, तर मी यावं! मी इथं तुझ्या मशीनसमोर बसून एकटाच हसतोय आणि एकटाच रडतोय. तुला दोन लावाव्यात वाटतायत, आणि तुझे पाय धरावेत वाटतायत. माझ्यावर एवढी माया कुणी केली न्हाय रं. आईनं केली असेल, तिच्यानंतर तूच.

पण एक सांगतो. मला ओळखण्यात तुझी थोडी चूक झाली. आज मी शरमलोय, कान तापलेत, वैनींच्या तोंडाकडं बघवत न्हाय. तरी येत्या ऐतवारी मी येणार हाय.